उधळलेल्या प्रकाशावरून मोजमाप : केसापासून प्रथिनापर्यंत



'आकाश निळे का दिसते?' या प्रश्नाचं उत्तर आपल्या मुलांना पाठ असतं. 'प्रकाशाच्या विकिरणामुळे.' एक गुण मिळतो आणि विषय तिथेच संपतो. विकिरण म्हणजे वाटेत बारीक काहीतरी आडवं आलं की प्रकाशाचं इकडेतिकडे उधळलं जाणं. ही उधळण नीट मोजली तर ज्या वस्तूमुळे ती झाली त्या वस्तूचं माप काढता येतं, हे मात्र वर्गात सहसा सांगितलं जात नाही. कापसाच्या तंतूची आतली बांधणी आणि दुधातल्या, डोळ्यातल्या प्रथिनांचा आकार माणसाला याच मार्गाने कळला. या मार्गाची पहिली पायरी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही चढता येते, आणि त्यासाठी फार पैसे लागत नाहीत.

२८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली याच तारखेला आपला शोध जाहीर केला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तो शोधसुद्धा उधळलेल्या प्रकाशाचाच आहे. त्या दिवशी फोटोला हार घालून झाला की खालचा पाठ घ्या.

पाठाची माहिती

इयत्ता : ६ वी ते ८ वी (पहिला आणि तिसरा प्रयोग ४ थी-५ वीलाही जमतो)
वेळ : ३ तासिका
साहित्य : काचेचा ग्लास, पाणी, चमचाभर दूध, मोबाइलचा टॉर्च, लाल लेझर, एक केस, मोजपट्टी, पातळ सुती रुमाल, प्लास्टिकची सुतळी
सुरक्षा : लेझर नेहमी शिक्षकांच्याच हातात राहील. तो कोणाच्याही डोळ्यांवर जाऊ द्यायचा नाही. आरसा, स्टीलचा डबा अशा चकाकत्या वस्तू समोरून आधीच काढून ठेवा.

आधी एक गैरसमज दूर करू

'शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून प्रथिनं बघतात' असं मुलांना वाटतं. साध्या सूक्ष्मदर्शकातून कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दिसतात, प्रथिन मात्र दिसत नाही. याला भिंगाची ताकद कमी पडते असं नाही, अडचण प्रकाशाचीच आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन हे प्रथिन जेमतेम ५-६ नॅनोमीटरचं आहे. म्हणजे हे माप प्रकाशाच्या लाटेच्या जवळजवळ शंभराव्या हिश्शाचं झालं. पायलीने मोहरीचा एक दाणा मोजायला बसल्यासारखंच हे आहे. मग मोजायचं कसं? मुलांना हा प्रश्न पडू द्या. उत्तर लगेच सांगू नका.

प्रयोग १ : दुधाचे चार थेंब

ग्लासभर पाण्यात दुधाचे चार-पाच थेंब टाकून ढवळा. खोली अंधारी करा. ग्लासच्या एका बाजूने टॉर्च लावा. आता ग्लासकडे बाजूने पाहिलं तर पाणी निळसर दिसतं. टॉर्चच्या समोरच्या बाजूने, ग्लासमधून पलीकडे पाहिलं तर उजेड पिवळसर-नारिंगी दिसतो. वर्गात लगेच ओरडा होतो, "मॅडम, दूध निळं दिखी ऱ्हायनं!"

दुधात केसिन नावाचं प्रथिन असतं. गाईच्या दुधातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के हेच. त्याचे हजारो रेणू एकत्र येऊन बारीक गोळ्या बनतात. त्या बहुतांशी १०० ते २०० नॅनोमीटरच्या आसपास असतात. इतक्या लहान गोळ्या निळा प्रकाश जास्त उधळतात आणि लाल कमी. म्हणून बाजूने निळं दिसतं, आणि सरळ पलीकडे पोचलेल्या उजेडात लाल-पिवळा शिल्लक राहतो. दुपारचं निळं आकाश आणि संध्याकाळचा तांबडा सूर्य दोन्ही या ग्लासात आहेत.

आता थेंब वाढवत जा. हळूहळू निळेपणा जातो आणि सगळं पांढरं होतं. प्रकाश एका गोळीवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर असा अनेकदा उधळला की सगळे रंग एकमेकांत मिसळतात. साईच्या कणांनीही पांढरेपणा येतो, कारण ते केसिनच्या गोळ्यांपेक्षा बरेच मोठे असतात आणि सगळेच रंग उधळतात.

इथे फळ्यावर पहिला मुद्दा लिहा : उधळण कशी होते ते कणाच्या आकारावर अवलंबून असतं.

प्रयोग २ : केसाची जाडी

हा या पाठाचा गाभा आहे. याला पूर्ण तासिका द्या.

एक केस घ्या. तेल पुसून टाका. जाड पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून त्यावर केस उभा ताणून चिकटवा. भिंतीपासून बरोबर ३ मीटरवर लेझर स्थिर ठेवा आणि त्याच्या अगदी पुढे केस धरा. भिंतीवर आता एकच ठिपका न दिसता आडवी लांब रेघ दिसते. तिच्यात मधूनमधून काळ्या जागा असतात. केस उभा आणि उधळण मात्र आडवी, ही गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्या. पुढे ती लागणार आहे.

मधला उजळ भाग दुप्पट रुंद असतो, तो सोडून द्या. एकाच बाजूच्या लागोपाठच्या दोन काळ्या जागांमधलं अंतर पट्टीने मोजा. मग सूत्र असं :

केसाची जाडी = (प्रकाशाची तरंगलांबी × भिंतीपर्यंतचं अंतर) ÷ दोन काळ्या जागांमधलं अंतर

लाल लेझरची तरंगलांबी साधारण ६५० नॅनोमीटर, म्हणजे ०.०००६५ मिमी. भिंत ३००० मिमीवर. दोन काळ्या जागांमध्ये समजा २६ मिमी अंतर आलं.

०.०००६५ × ३००० = १.९५
१.९५ ÷ २६ = ०.०७५ मिमी

केसाची जाडी ०.०७५ मिमी! दशांश अपूर्णांकांचा गुणाकार-भागाकार मुलं रोज करतात, पण त्या उत्तराला इथे पहिल्यांदाच काहीतरी अर्थ येतो.

आता कोणीतरी विचारेल (आणि विचारायलाच हवं) की हे उत्तर खरं कशावरून? त्याची तपासणी सोपी आहे. पेन्सिलीवर त्याच केसाचे २० वेढे अगदी शेजारी शेजारी गुंडाळा आणि एकूण रुंदी मोजा. दीड मिलिमीटरच्या आसपास आली तर १.५ ÷ २० = ०.०७५. दोन वेगळ्या रस्त्यांनी एकच उत्तर आलं की त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. उत्तर जुळलं नाही तर मुलांना पुन्हा मोजू द्या. आकडे जुळवून देण्याची घाई आपण करायची नाही.

आता वर्गाला विचारा, 'केसाऐवजी त्याहून बारीक काही धरलं तर पट्ट्या जवळ येतील की लांब जातील?' बहुतेक हात 'जवळ' म्हणून वर होतात. सूत्रात आकडे घालून पाहू द्या. कापसाचा एक तंतू साधारण ०.०१५ मिमी रुंद धरला तर १.९५ ÷ ०.०१५ = १३० मिमी, म्हणजे १३ सेंटिमीटर! वस्तू जितकी लहान, तितकी उधळण रुंद. प्रत्यक्ष कापसाचा तंतू धरून पाहिला तर उजेड लांबवर पसरलेला दिसतो, पण पट्ट्या केसासारख्या स्वच्छ येत नाहीत. कारण कापसाचा तंतू गोल तारेसारखा नसतो. तो चपट्या, पीळ पडलेल्या फितीसारखा असतो. म्हणजे भिंतीवरचा उजेड जाडीबरोबर आकाराबद्दलही काही सांगतो.

दुसरा मुद्दा फळ्यावर : लहान वस्तू, रुंद उधळण. मोठी वस्तू, अरुंद उधळण.

प्रयोग ३ : रुमालातून दिवा

हा प्रयोग घरी करायला द्या, लेझर लागत नाही. रात्री लांबच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे पातळ, बारीक विणीच्या रुमालातून पाहायचं. दिव्याभोवती अधिकच्या चिन्हासारखी ठिपक्यांची नक्षी दिसते. रुमाल फिरवला की नक्षीही फिरते. धागे ज्या दिशेला, त्यावरून उधळणीची दिशा ठरते. म्हणजे दिवा पाहूनच रुमालाचे धागे कोणत्या दिशेला आहेत ते ओळखता येईल, रुमालाकडे न पाहता!

तिसरा मुद्दा : उधळणीच्या दिशेवरून आतली मांडणी कळते.

हे तीन मुद्दे मुलांच्या हाती आले की पुढची गोष्ट सांगायची.

कापूस, चटई आणि पाइप

जळगाव-धुळ्याच्या मुलांना कापूस वेगळा दाखवावा लागत नाही. जळगावच्या प्लास्टिकच्या चटया आणि ठिबकच्या नळ्याही त्यांनी पाहिलेल्या असतात. या तिन्ही वस्तू रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातल्या आहेत. कापूस सेल्युलोजचा, चटई पॉलिप्रोपिलीनची, ठिबकच्या नळ्या बहुधा पॉलिथिलीनच्या. तिघंही पॉलिमर, म्हणजेच बहुवारिकं. मण्यांच्या माळेसारखे एकाच प्रकारचे लहान रेणू एकापुढे एक जोडले जाऊन बनलेली लांबच लांब साखळी. जर्मनीचे हरमन स्टॉडिंगर यांनी १९२० मध्ये अशा साखळ्या असतात असं मांडलं, तेव्हा अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटलं नव्हतं. त्यांना नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये.

प्लास्टिकची सुतळी मुलांच्या हातात द्या. ती उभी सोलली तर सहज फाटत जाते. आडवी तोडायला गेलं तर बोटं दुखतात. असं का? सुतळी ओढून ताणून बनवताना आतल्या साखळ्या लांबीच्या दिशेने रांगेत लागतात. साखळी तोडणं अवघड, पण दोन साखळ्या एकमेकींपासून सोडवणं सोपं.

कापसातही तसंच. सेल्युलोजच्या साखळ्या जुड्या बांधून तंतूभोवती गोल जिन्यासारख्या वळत जातात. हा जिना जितका उभा, म्हणजे साखळ्या तंतूच्या लांबीशी जितक्या समांतर, तितका तंतू मजबूत. हे पाहण्यासाठी साधा प्रकाश चालत नाही, कारण साखळ्यांमधलं अंतर नॅनोमीटरपेक्षाही कमी असतं. म्हणून क्ष-किरण वापरतात. त्यांची तरंगलांबी साधारण ०.१५ नॅनोमीटर. तंतूंच्या जुडीतून क्ष-किरण सोडले की पलीकडे कमानीसारखे तुकडे उमटतात. कमान आखूड आली तर साखळ्या शिस्तीत आहेत, पसरट आली तर विस्कटलेल्या. आपला रुमालाचा प्रयोग तो हाच.

मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. ती १९२४ मध्ये सुरू झाली. देशातल्या कापसाच्या तंतूची लांबी, ताकद, बारीकपणा यांचा अभ्यास तिथे होतो. बाजारात भाव ठरताना या गोष्टींना महत्त्व असतं. ज्या मुलाच्या घरी कापूस येतो, त्याला हे कळायला हवं की तंतूच्या ताकदीमागे डोळ्यांना न दिसणारी एक शिस्त आहे.

प्रथिनांसाठी लहान कोन

प्रथिन ही सुद्धा साखळीच, ॲमिनो आम्लांची. फरक इतका की ती ठरलेल्या पद्धतीने घडी घालून बसते. घडी बरोबर असेल तर प्रथिन काम करतं. घडी विस्कटली की काम बिघडतं.

आपलंच सूत्र इथे लावून पाहू. क्ष-किरणाची तरंगलांबी ०.१५ नॅनोमीटर, प्रथिन ५ नॅनोमीटरचं, समोरचा पडदा ३ मीटरवर :

०.१५ ÷ ५ × ३ मीटर = ०.०९ मीटर = ९ सेंटिमीटर

तीन मीटर जाऊनही उधळण फक्त नऊ सेंटिमीटर बाजूला सरकली. म्हणजे कोन दोन अंशांहूनही कमी. म्हणून या पद्धतीला लहान कोनातलं विकिरण म्हणतात. फ्रान्सचे आंद्रे गिनिए यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी तिचा पाया घातला. गोल प्रथिन, लांबट प्रथिन, घडी उलगडलेली साखळी यांची उधळण वेगवेगळी येते, त्यावरून आकाराचा अंदाज बांधतात.

अशी सोय आपल्यापासून लांब नाही. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूर, सेंधवा ओलांडून पुढे गेलं की इंदूर. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-२' हे यंत्र आहे. १७२.५ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवतात आणि त्यातून प्रखर क्ष-किरण मिळतात. बहुवारिकं आणि प्रथिनं अभ्यासण्याची सोय तिथे आहे.

दुसरं ठिकाण मुंबईजवळ तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र, म्हणजेच ट्रॉम्बे. तिथली 'ध्रुव' ही संशोधन अणुभट्टी ८ ऑगस्ट १९८५ रोजी सुरू झाली. तिच्यातून निघणारे न्यूट्रॉन क्ष-किरणांसारखेच उधळतात. त्यांची तरंगलांबी या कामासाठी साधारण अर्धा नॅनोमीटर ठेवतात. न्यूट्रॉनची एक गंमत आहे. साधं पाणी आणि जड पाणी आपल्या डोळ्यांना सारखंच दिसतं, पण न्यूट्रॉनला ते दोन अगदी वेगळे पदार्थ वाटतात. दोन्ही ठरावीक प्रमाणात मिसळले की मिश्रणातला एखादा भाग न्यूट्रॉनला दिसेनासा होतो आणि उरलेला भाग वेगळा अभ्यासता येतो. याचा नमुना वर्गात दाखवता येतो. प्रयोगशाळेतली उष्णता सहन करणाऱ्या काचेची सळई शेंगदाण्याच्या तेलात बुडवा. बुडालेला भाग जवळजवळ नाहीसा होतो! काच तिथेच असते. तेल आणि काच प्रकाशाला जवळपास सारखंच वाकवतात, म्हणून ती दिसत नाही.

अंडं, चीक आणि आजीचा डोळा

आता पाठ मुलांच्या घरी नेऊ या. अंड्याचा पांढरा भाग कच्चा असताना पारदर्शक असतो. तापवला की पांढरा होतो. त्यात पांढरा रंग कोणी घातला नाही. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडल्या, साखळ्या एकमेकींत अडकल्या, मोठे गठ्ठे झाले आणि ते गठ्ठे प्रकाश उधळू लागले. ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांनी उलटा प्रयोग पाहावा. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात. तो दुधासारखा पांढरा असतो, आणि शिजला की काचेसारखा होत जातो. पिठूळ पदार्थाचे दाणे पाणी पिऊन फुगतात, दाणा आणि पाणी यांतला फरक कमी होतो आणि उधळण घटते. आई पातेल्यात पाहून 'चीक शिजला' म्हणते, तेव्हा ती डोळ्यांनी विकिरणच मोजत असते.

आपल्या डोळ्यातलं भिंगही प्रथिनांनी गच्च भरलेलं असतं. मग ते अंड्यासारखं पांढरं का नाही? १९८३ मध्ये मिरेय दलेय आणि ॲनेट तार्दियू या दोन फ्रेंच संशोधक महिलांनी क्ष-किरणांची उधळण मोजून याचं उत्तर दिलं. क्रिस्टॅलिन नावाची ही प्रथिनं इतकी दाटीने आणि आसपासच्या शेजाऱ्यांपुरती का होईना, इतकी एकसारखी बसलेली असतात की त्यांची उधळण एकमेकींना जवळपास रद्द करते. म्हणून प्रकाश सरळ आत जातो.

भिंगाच्या मधल्या भागातली ही प्रथिनं आयुष्यभर बदलली जात नाहीत. वय वाढतं तशी ती बिघडतात, गठ्ठे होतात, आणि उजेड उधळू लागतो. यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. भारतात आंधळेपणाचं सर्वात मोठं कारण अजूनही हेच आहे. 'समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यात पसरतो' असं आजी म्हणते तेव्हा ती अगदी नेमकं निरीक्षण सांगत असते.

उकडलेलं अंडं पुन्हा पातळ करता येत नाही. तसंच पिकलेल्या मोतीबिंदूवर थेंब घालत बसून चालत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. त्यात बिघडलेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी पहिलं असं भिंग बसवलं, ते ॲक्रिलिक प्लास्टिकचं होतं. म्हणजे प्रथिनाच्या जागी बहुवारिक!

शस्त्रक्रियेच्या भीतीने वर्षानुवर्षं घरात बसून राहणारी म्हातारी माणसं आपल्या गावांत आहेत. सातवीतल्या नातीने दुधाचा ग्लास आणि टॉर्च घेऊन आजीला हे समजावलं, तर ते फलकावरच्या सूचनेपेक्षा लवकर पटेल.

एक गोष्ट सांगायला विसरू नका

उधळणीतून फोटो मिळत नाही. भिंतीवर गोल सावली पडली तर ती चेंडूचीही असू शकते आणि ताटलीचीही. तसंच दोन वेगळे आकार कधी कधी जवळपास सारखीच उधळण देतात. म्हणून संशोधक आधी एक अंदाज मांडतात, त्यावरून उधळण कशी यायला हवी ते गणिताने काढतात आणि मोजमापाशी ताडून पाहतात. शक्य तिथे दुसऱ्या पद्धतीनेही खात्री करतात. आपण पेन्सिलीवर वेढे मोजले ते याचसाठी.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१. भिंत ३ मीटरऐवजी ६ मीटरवर नेली तर काळ्या जागांमधलं अंतर किती होईल?
२. आईचा केस आणि लहान भावाचा केस यांतला कोणता उजेड जास्त पसरवेल? करून पाहा आणि लिहा.
३. केस आडवा धरला तर भिंतीवरची रेघ कशी दिसेल?
४. दुधाचं दही होताना प्रथिनांचं काय होत असेल? अंड्याशी तुलना करा.
५. तुमच्या घरात 'पारदर्शकचं पांढरं' किंवा 'पांढऱ्याचं पारदर्शक' होणाऱ्या आणखी दोन गोष्टी शोधा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरं तपासताना बरोबर-चूक लगेच ठरवू नका. 'तिथे प्रकाश कशावर उधळला असेल?' एवढं विचारा. कारण सांगता आलं की गुण द्या.

पालकांना एकच विनंती. हा पाठ झाल्यावर मूल घरी केस, रुमाल, दूध घेऊन बसलं तर 'अभ्यास सोडून काय चाललंय?' असं म्हणू नका. घरात कोणाला मोतीबिंदू असेल तर त्या मुलाला सोबत घेऊन डोळ्यांच्या तपासणीला जा.